हलू नका!

३ मार्च, सोमवार

यंत्र आलं! आलं एकदाचं!

खोक्याचा पहिलाच खिळा काढताना पकड सटकली आणि अंगठा असा चेचला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ही म्हणाली, "झालं उद्घाटन." माझ्या थोर क्षणांची हिला कधी कदर नाही. पण अंगठ्याला ओली पट्टी बांधली ती हिनेच. ही वहीसुद्धा हिच्याच आग्रहाने सुरू करतोय. "काय काय केलंत ते नंतर तुम्हाला आठवत नाही आणि मग मला विचारत बसता," असं हिचं म्हणणं. खोटं नाही.

तर पेटी. लाकडी, माझ्या फोटोच्या कॅमेऱ्याहून लहानच. पुढे भिंग, उजव्या अंगाला दांडा. दांडा फिरवला की आत फिल्मची लांब पट्टी सरकते आणि सेकंदाला सोळा फोटो निघतात. पट्टी धुवायची, तिची प्रत काढायची, मग त्याच पेटीच्या मागे दिवा लावून पुन्हा दांडा फिरवायचा. की तेच फोटो पडद्यावर हलायला लागतात! परदेशात काढलेली अशी हलती चित्रं मी तंबूत जाऊन सात वेळा बघितली. आपल्या माणसांची आपल्या माणसाने अजून काढलेली नाहीत. मी काढणार.

सोबत कोऱ्या फिल्मचे तीन डबे आहेत. तीनच. एका डब्यात तीन मिनिटं मावतात. चौथा हवा असेल तर बोटीने यायला पाच महिने.

लोकांना मी सांगतो की मला नवं काहीतरी करायचंय. इथे खरं लिहितो. मला बाबांना पुन्हा उभं करायचंय. तीस वर्षं ते रंगमंचावर राजा होते, दूधवालासुद्धा त्यांना राजेसाहेब म्हणतो. दोन वर्षांपूर्वी घशाचं दुखणं झालं, शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला आणि आवाज गेला. तेव्हापासून मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. मांडीवर पाटी. पाटीवर लिहितात तेही "चहा", "नको", "खिडकी".

मी नाटकात न जाता फोटोचं दुकान काढलं तेव्हा म्हणाले होते, "गप्प बसलेल्या माणसांचं दुकान!" त्यावरून आमचं वर्षभर वाजलं होतं. आणि आता बघा, हलत्या चित्रात आवाज लागतच नाही. हे सुचलं त्या दिवशी मी दुकान बंद करून नुसता रस्त्यावरून चालत सुटलो होतो.

५ मार्च, बुधवार

बाबांना सांगितलं. दोन दिवस धीरच होत नव्हता. मी बोलत होतो आणि ते खिडकीबाहेर बघत होते. शेवटी पाटी उचलली.

"आवाज नाही?"

"नाही बाबा. कुणाचाच नसतो."

पाटी पुसली. मग लिहिलं, "म्हणजे सगळे माझ्यासारखेच." आणि हसले! आवाज नाही, पण खांदे गदगदा हलत होते. दोन वर्षांनी हलले ते खांदे.

आई दारात उभी होती. करणार का, जमेल का, काही विचारलं नाही. एकदम म्हणाली, "प्रवेश कुठला?"

मी म्हटलं, "तीन मिनिटांत बसणारा."

"मग राजा आणि होडीवाला," म्हणून ती नाटकाची वही शोधायला निघून गेली. वही तिला लागत नाही. आईने उभ्या जन्मात रंगमंचावर पाऊल ठेवलेलं नाही, पण बाबा घरी पाठांतर करायचे तेव्हा राणी, प्रधान, शत्रू, सैनिक, सगळे आईच असायची. कणीक मळता मळता तिने किती राजवाडे जाळलेत त्याचा हिशोब नाही.

शेजारच्या सुताराला होडी करायला सांगितली. होडीवालाही तोच होणार. "होडी माझी, मग वल्हवणार दुसरा कोण?" म्हणाला.

थिएटरच्या मालकांनी एकोणीस एप्रिलची, शनिवारची दुपार दिली. "राजेसाहेब येणार असतील तर पायघड्या घालतो," म्हणाले. बाबांचं ऋण आहे लोकांवर, आणि लोक ते विसरलेले नाहीत. बरं वाटलं.

११ मार्च, मंगळवार

पहिला डबा रविवारी सरावात वापरला. आज मागच्या खोलीत चादर टांगून बघितला. दुकानासमोरचा रस्ता, त्यावरून येणारा पोस्टमन. हलतोय! खरोखर हलतोय! मी ओरडलोच.

पण कसा हलतोय? आधी गोगलगाईसारखा आला, मग कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत मागे कुत्रं लागल्यासारखा पळत सुटला. चूक पोस्टमनची नाही, माझ्या हाताची. दांडा एकाच लयीत फिरवायला हवा. सुरुवातीला मी उत्साहाने भराभर फिरवला, तिथे पोस्टमन मंद झाला. मग विचारात पडलो, हात सैलावला, तिथे पळाला.

ही म्हणाली, "तुमचा हात अगदी तुमच्यावर गेलाय."

सराव म्हणून हिच्या शिवणयंत्राचा दांडा फिरवायला बसलो. तेही हाताचंच. तीन वेळा दोरा तुटल्यावर हिने मला मनगटाला धरून उठवलं आणि उरलेली शिलाई स्वतः पुरी केली. टाके असे की पट्टीने आखल्यासारखे. शिवण काय, कुणालाही येते. कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी.

१६ मार्च, रविवार

बाबा आज स्वतः जिना चढून वर स्टुडिओत आले. वरचं छत काचेचं आहे, उजेड भरपूर, तिथेच चित्र घ्यायचंय. जिन्याच्या भिंतीवर मी काढलेले फोटो आहेत. बाबा दर चार पायऱ्यांवर थांबून एकेक फोटो निरखून बघत होते. इतकी वर्षं त्यांनी माझ्या फोटोंकडे ढुंकून बघितलं नव्हतं. मी एका पायरीवर मुद्दाम मागे थांबलो, त्यांना मोकळेपणाने बघू दिलं. आज मला कुणी काही मागितलं असतं तर देऊन टाकलं असतं.

राजाचा पोशाख पेटीतून काढला. अंगरखा चांगला चार बोटं सैल होतोय. जुनं कापड सैल पडतंच. आई दोन्ही बाजूंनी दाबून टाके घालत बसली. आणि गंमत म्हणजे जोडे पायात जाईनात! चामडं आकसलं असणार. चांभाराकडे नेले तर तो म्हणतो चामडं जसंच्या तसं आहे. काही कळत नाही या लोकांना. शेवटी टाचेकडून उसवून घेतले. होडीत बसल्यावर टाच कुणाला दिसतेय!

डॉक्टर हल्ली रोज बुद्धिबळ खेळायला येतात. बाबांचे जुने मित्र. एवढा धंदा सांभाळून मैत्री जपतात. पण आज डाव मांडलेलाच दिसला नाही, तरी तासभर आत होते.

ही घाई करतेय. "उद्याच घ्या ना." उद्या कसं? होडीला रंग नाही. "नसू दे रंग!" हिला कलेतलं काही कळत नाही.

२० मार्च, गुरुवार

घेतलं! दुसरा डबा!

ऊन असं पडलं होतं की मागून घेतलं असतं तरी असं मिळालं नसतं. बाबा होडीत बसलेले, मुकुटावरचं पीस, हातात काठी. सुतार वल्हं धरून. ही पांढरी चादर धरून उजेड बाबांच्या तोंडावर टाकत होती. आई बाजूला. मी एक हात वर केला आणि दुसऱ्या हाताने दांडा फिरवायला लागलो. मनात आकडे चालू. मान वर करायची सोय नाही, नजर हातावर. एकदाही लय तुटली नाही. तीन मिनिटं! संपल्यावर शर्ट पिळून काढावा लागला.

मी विचारलं, "बाबा, कसं वाटलं?"

पाटी: "सोपं आहे."

ऐकलंत? तीस वर्षांचा नट म्हणतो सोपं आहे. याला म्हणतात जात्याच कलावंत असणं.

२३ मार्च, रविवार

लिहवत नाही. पण लिहितो.

पट्टी ओली असताना काही कळत नाही. शेजारशेजारचे फोटो सारखेच दिसतात, दिसणारच. प्रत काढली, वाळवली, आणि आज दुपारी सगळ्यांना चादरीसमोर बसवून दिवा लावला. पडद्यावर बाबा आले. होडीत बसलेले. आणि बसलेलेच! सुतार वल्हं धरून उभा आणि उभाच! मला वाटलं पट्टी अडकली. भराभर फिरवली. नाही. पट्टी व्यवस्थित सरकत होती. दोघं तीन मिनिटं दगडासारखे.

सुतार म्हणाला, "वा! हुबेहूब फोटो."

मी त्याच्या अंगावरच गेलो. "फोटो? अरे, हलायचं होतं! हलला का नाहीस?"

"तुम्हीच ओरडलात ना, हलू नका म्हणून!"

मी?

ही म्हणाली, "ओरडलात. हात वर केलात आणि ओरडलात. नेहमीसारखे."

अठरा वर्षं झाली, दुकानात रोज मी तेच करतो. हात वर, "हलू नका!", हात खाली. हात खाली येईपर्यंत गिऱ्हाईक श्वास घेत नाही. गावातल्या यच्चयावत माणसांना मी हे शिकवलंय. सुताराचा तर लग्नाचा फोटो मीच काढला होता. आणि त्या दिवशी माझा हात तीन मिनिटं वरच होता!

"पण बाबा, तुम्ही तरी... हलतं चित्र आहे ना हे!"

बाबांनी पाटीवर लिहिलं, "वाटलं यंत्र हलवतं."

झालं. सुतारही मान डोलवायला लागला, त्यालाही तसंच वाटलं होतं. माणसाने आपलं गप्प बसायचं, हलवायचं ते यंत्र बघून घेईल. मी पोस्टमन दाखवला तेव्हा या दोघांना यंत्राचं केवढं कौतुक वाटलं होतं ते आता कळलं.

शेवटी तर कहर. हातभर पट्टी उरली असताना बाबांनी मान वळवून बाजूला बघितलं आणि भुवई उडवली. एवढा कसलेला नट, प्रवेश चालू असताना बाजूला बघतो? तिकडे काय होतं? काही नव्हतं. आई उभी होती पाण्याचा पेला घेऊन.

एकच डबा राहिला. पट्टी हिच्या हातात दिली आणि म्हटलं, टाकून ये, मला डोळ्यांपुढे नको. आणि जेवलो नाही.

२४ मार्च, सोमवार

सकाळी उठलो तर उशाशी पाटी. बाबांनी कधी आणून ठेवली कोण जाणे. "चूक माझी. पुन्हा करू. लवकर."

माझ्या चुकीवर बापाने स्वतःचं नाव घातलं. पाटी पुसवेना. त्यांना दुसरी आणून दिली.

२९ मार्च, शनिवार

घरात काही जागेवर सापडेल तर शपथ. शर्टाचं बटण तुटलं म्हणून बटणांचा डबा बघितला, तर बटणं वाडग्यात ओतलेली आणि डबा वरच्या फळीवर, झाकणाला मेण लावून बंद! विचारलं तर म्हणते, "असू दे तो तिथे." कसला खजिना ठेवलाय कोण जाणे.

हिचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं आठ दिवस सराव करू, शेवटचा डबा आहे, माझा हात बसू दे. ही म्हणाली, "आठ दिवस नको." का नको? "नको म्हटलं ना!" आणि चक्क रडायला लागली. हिला रडताना मी लग्नानंतर दोनदा बघितलंय. मी गडबडलोच. एवढं काय त्यात?

मग बाबांनी काठी आपटली. पाटी वर धरली. "सूनबाई फिरवेल."

मी म्हटलं, "काय?"

पाटी पुसून पुन्हा लिहिलं, "टाके बघितलेस तिचे?"

आता खोटं कशाला लिहू, मनाला लागलं. यंत्र माझं, कल्पना माझी, आणि दांडा हिच्याकडे! दोन तास दुकानात एकटाच बसलो. मग पोस्टमनची पट्टी बाहेर काढली आणि भिंतीवर पुन्हा बघितली. पोस्टमन पुन्हा तसाच पळाला. घरात आलो आणि हिला म्हटलं, "मनगट सैल ठेव, एवढंच." ही म्हणाली, "बरं." एका शब्दाने उणंदुणं काढलं नाही. दुसरी कुणी असती तर महिनाभर ऐकवलं असतं.

२ एप्रिल, बुधवार

तिसरा डबा.

बाबांना सुताराने आणि डॉक्टरांनी खुर्चीसकट वर आणलं. मी म्हटलं हे काय? डॉक्टर म्हणाले, "राजा आहे, चालत येईल का?" सगळे हसलो. डॉक्टर अभिनय बघायला म्हणून थांबले. पण बॅग कशाला आणली होती?

सुरू करण्याआधी बाबांनी मला जवळ बोलावून पाटी दाखवली: "हात खिशात." मी दोन्ही हात खिशात घातले. तोंडात रुमाल कोंबायचा तेवढा बाकी राहिला.

हिने दांडा धरला आणि फिरवायला लागली. शिवणयंत्र चालवल्यासारखं, खिडकीबाहेर बघत.

आणि मला पहिल्यांदा कळलं की दांडा हातात नसला की माणसाला बघता येतं. अठरा वर्षं मी काळ्या कापडाखाली डोकं घालून माणसं उलटी बघितली. लहानपणी विंगेतून बाबांची पाठ बघितली. समोरून आज बघितले. राज्य हरलेला राजा नदीवर येतो, होडीवाला त्याला ओळखत नाही, सामान किती म्हणून विचारतो. बाबांचे ओठ हलत होते, शब्दन् शब्द बोलत होते, आवाज तेवढा नव्हता. हात असा उघडला की त्यात काही नाही हे मला दहा पावलांवरून दिसलं. सुतार तर वल्हवायचं विसरून रडायला लागला, तेही प्रवेशात शोभलं.

शेवटी राजा होडीत बसतो आणि दमून डोळे मिटतो. काय तो दम लागल्याचा अभिनय! छाती भात्यासारखी वरखाली. फिल्म संपली तरी बाबा भूमिकेतून बाहेर येईनात. डॉक्टर धावत गेले. बरोबरच आहे, एवढ्या जवळून असा अभिनय बघितल्यावर माणूस भारावणारच.

मला देवाने काय काय दिलंय! बाप असा, आई तशी, बायको अशी. आणि मी कुरकुरत असतो. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी कुरकुरलो की ही मला हे पान दाखवेल.

७ एप्रिल, सोमवार

प्रत निघाली. बघितली. सगळं हलतंय. लय अशी की श्वास घेतल्यासारखी. हिला म्हटलं, "तुझ्यामुळे." ही म्हणाली, "लिहून ठेवा." ठेवलं.

१९ एप्रिल, शनिवार

घरी आल्या आल्या लिहायला बसलो.

थिएटर भरलेलं. उभे राहायला जागा नाही. बाबांना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी आई. पाटी मांडीवर. दांडा हिच्याकडे. मी दाराशी, हात खिशात.

दिवे गेले. पडद्यावर राजा आला आणि आख्ख्या थिएटरने टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं. जुने प्रेक्षक होते, दोन वर्षांनी बघत होते. मग राजाने तोंड उघडलं. टाळ्या थांबल्या. सगळे वाट बघायला लागले. ओठ हलताहेत आणि आवाज नाही. हे मला आधी सुचलं कसं नाही? परदेशी चित्रांत काय बोलतात ते कुणालाच कळत नसतं, म्हणून कुणी वाट बघत नाही. पण या माणसाचा आवाज इथल्या प्रत्येकाच्या कानात होता. मागून एकजण ओरडला, "आवाज!" दुसरा त्याला गप्प करायला गेला. बाबांची मान खाली गेलेली मला दारातून दिसली.

आणि पहिल्या रांगेतून आवाज आला.

"होडीवाल्या, मला पलीकडे ने."

आई! बसल्या जागेवरून, पडद्याकडे बघत. नाटकी नाही, चढवून नाही. घरी म्हणते तसं, कणीक मळता मळता म्हणते तसं. राजाचे ओठ उघडले की आईचा शब्द, मिटले की आई गप्प. एका अक्षराची चूक नाही. तीस वर्षं तिने बाकीच्या सगळ्यांचं म्हटलं होतं, राजाचं तेवढं कधी म्हटलं नव्हतं. आज म्हटलं.

"सामान किती?" पडद्यावर सुताराने विचारलं, आणि तेही आईनेच म्हटलं.

"सामान म्हणशील, तर मी एवढाच."

त्या वाक्यावर कुणी टाळी वाजवली नाही. माझ्या पुढे उभा असलेला धिप्पाड माणूस टोपीत तोंड खुपसून रडत होता.

दिवे लागले. लोक उभे राहिले, बाबांच्या नावाचा नुसता गजर. बाबा काठीवर जोर देऊन उठले, लोकांकडे वळले, वाकले नाहीत. पाटीवर काहीतरी लिहिलं आणि दोन्ही हातांनी उंच धरलं. मागच्यांना वाचता येईना, पुढच्यांनी ओरडून सांगितलं:

"आवाज हिचा!"

आई पदराने तोंड झाकून खाली बसली ती उठेचना. घरी येईपर्यंत बाबांना रागवत होती. "काही अक्कल? चारचौघांत?" आणि बाबा खांदे हलवून हसत होते.

११ मे, रविवार

बाबा गेले. आज आठवा दिवस.

झोपेत गेले. पाटीवर "चहा" लिहिलेलं होतं. आईने चहा नेला तेव्हा गेलेले होते.

काल हिने सगळं सांगितलं. दुखणं घशातून खाली उतरलं होतं, काळीजही थकत चाललं होतं. डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं की उन्हाळा निघणार नाही. हिला माहीत होतं, आईला माहीत होतं, सुतारालाही माहीत होतं. बाबांनी सगळ्यांना शपथ घातली होती. हिने ती पाटी पुसली नव्हती, ठेवून दिली होती, आणून दाखवली: "त्याला सांगू नका. हात थरथरेल."

मी खूप चिडलो. हिच्यावर, डॉक्टरांवर. मग ही वही काढून पहिल्या पानापासून वाचली. जिन्यावरचे फोटो. अंगरखा. जोडे. बुद्धिबळ. खुर्ची. सगळं लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. मलाच कुणी सांगितलं नाही असं कसं म्हणू? मी रोज स्वतःला सांगत होतो आणि ऐकत नव्हतो.

चांभाराकडे जाऊन माफी मागून आलो.

आणि तरी आज रागावता येत नाही. मला माहीत असतं तर मी त्या दोन महिन्यांत नुसता रडलो असतो. त्याऐवजी मी खदखदून हसलो, भांडलो, अंगठा चेचून घेतला. सगळ्यांनी मिळून मला ते दोन महिने आख्खे दिले. त्यांनी आपसात वाटून घेतलेलं ओझं मला दिसूही दिलं नाही. या उपकारांचं काय करायचं असतं ते मला माहीत नाही. म्हणून लिहून ठेवतो.

८ जून, रविवार

दुपारी आई स्टुडिओत आली. जिना चढून, एकटी. म्हणाली, "मला ते दाखव."

मी राजाची पट्टी काढायला लागलो तर म्हणाली, "ते नको. राजा मी पुष्कळ बघितला. दुसरं."

"दुसरं कुठलं?"

"न हललेलं."

ते मी टाकायला दिलं होतं. कसं सांगू आईला? तेवढ्यात ही खालून, घरातल्या फळीवरचा बटणांचा डबा घेऊन वर आली आणि झाकणाचं मेण नखाने काढलं. आत पट्टी, मऊ कापडात गुंडाळलेली. मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "टाकून ये म्हणालात. कुठे ते नाही सांगितलंत."

छतावर पडदे ओढले, चादर टांगली, दिवा लावला. मीच दांडा धरला.

बाबा आले. होडीत बसलेले. राजा नाही हो, बाबाच. राजाचे कपडे घातलेले आमचे बाबा, मुलाने सांगितलं म्हणून गुमान बसलेले. मार्चमध्ये मी यात फक्त काय नाही ते बघितलं होतं. आज बघितलं. मुकुटावरचं पीस श्वासाबरोबर हलत होतं. पापण्या मिटत होत्या, उघडत होत्या. नाकावर माशी बसली, त्यांनी नाक जरासं उडवलं, माशी गेली. पुन्हा गंभीर. तीन मिनिटं माझ्या यंत्राकडे, म्हणजे माझ्याकडे, बघत होते. दोन वर्षं खिडकीबाहेर बघणारा माणूस.

आणि शेवटी ती भुवई. मान वळवून, बाजूला, झालं का म्हणून विचारणारी. पडद्यासमोर आईने मान हलवली. "झालं," म्हणाली. हळूच, जवळच्या माणसाला सांगतात तसं.

मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "परत लाव."

परत लावलं, पण माझा हात काही चालेना. मनात आलं, सावकाश फिरवलं तर बाबा जास्त वेळ राहतील. इतका सावकाश फिरवायला लागलो की दिव्याची आच पट्टीला लागून वास यायला लागला. हिने माझा हात बाजूला केला आणि दांडा धरला. पापण्या पुन्हा त्यांच्या लयीत मिटायला लागल्या.

मला आता काही काम नव्हतं. जाऊन आईशेजारी जमिनीवर बसलो, गुडघे पोटाशी घेऊन. थोडा वेळ धीर धरला. मग खांदे हलायला लागले ते थांबेनात, बाबांचे हलायचे तसेच, आणि पडद्यावर माझी सावली पडून बाबांच्या तोंडावरून वरखाली व्हायला लागली.

आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरासा दाबला. डोळे पडद्यावरच होते.

"हलू नकोस रे," ती म्हणाली. "आता ते माझ्याकडे बघणार आहेत."